आठ महिन्यांच्या बाळापुढे तांदूळ-राजम्याची परात?

चिमटा: "महागडी खेळणी कशाला? परातीत 2 किलो रंगीत तांदूळ घ्या, त्यात राजमा-चणे लपवा, आठ महिन्यांचं बाळ अर्धा तास गुंततं." कालच्या या पोस्टखाली बदामांचा पाऊस पडलाय. अहो, या वयात सापडेल ते तोंडात घालणं हाच बाळाचा खेळ! दाढा नाहीत, त्यामुळे चणा चावला जात नाही. श्वासनळीत गेला तर ओलाव्याने फुगतो. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन विषारी, ते वेगळंच. हाताने चिवडायला चिकट-बुळबुळीत काही हवं असेल तर उकडलेल्या भोपळ्याचा लगदा द्या. नाहीतर चमचाभर सब्जा वाटीभर पाण्यात 20 मिनिटं पूर्ण फुगवून द्या, कोरडा मात्र कधीच नाही.

वरणफळ: ती पोस्ट माझीच. "शेजारी बसून लक्ष ठेवा" ही ओळ सोयीस्कर गाळलीत. निवडण-टिपण चालू असताना पोरं सुपाशीच खेळायची. एवढी भीती असेल तर मूल फडताळात ठेवा.

चिमटा: नळी पूर्ण बंद झाली की खोकला नाही, रडणं नाही, आवाजच नाही. मोबाइलवर फोटो काढता काढता ठेवलेलं लक्ष काय कामाचं?

ताकपीठ: तांदूळ कुठले, हे कुणीच विचारलं नाही! साठवणीच्या तांदळाला कीड लागू नये म्हणून अनेकदा बोरिक पावडर चोळलेली असते. भात लावताना आपण धुतो. रंगवताना कोण धुतं? वाटीभर तांदूळ, चमचाभर व्हिनेगर, खायचा रंग, पिशवीत हलवलं की झालं. ती पावडर थेट बोटांवर, बोटं तोंडात.

जुनं_कोठार: हल्ली कोण बोरिक लावतं? पाकीटबंद आणा.

ताकपीठ: वर्षाचं धान्य भरणाऱ्या घरांत जाऊन बघा. काही डब्यांत तर पाऱ्याच्या गोळ्या सापडतील.

जुनं_कोठार: आम्ही कडुलिंबाचा पाला घालतो. सरसकट सगळ्यांना झोडपू नका.

ताकपीठ: पाला घालणाऱ्यांना कोण बोललं? टोपी बसली वाटतं.

सांडगा: धान्यपुराण पुरे. खेळून मळलेले 2 किलो तांदूळ शेवटी केरातच ना? अन्नाची ही नासाडी कुणालाच खटकत नाही?

वरणफळ: म्हणून तर तेच महिनाभर वापरायचे, घट्ट झाकणाच्या डब्यात.

ताकपीठ: आणि दमट हवेत टोके झाले की?

वरणफळ: बरं बाई, राजमा-चणे काढते, वयही बदलते. तीन वर्षांच्या पुढे, तांदूळ पाकिटातले. आता तुमच्या चरणी बसून विचारते, मोठ्या मुलाला काय द्यायचं?

चिमटा: टोमणा पोचला. कॉर्नफ्लॉवर 2 वाट्या, पाणी 1 वाटी. पाणी चमच्याचमच्याने घाला, एकदम ओतलं की पातळ होऊन मजा जाते. मुठीत दाबलं की घट्ट, सोडलं की ओघळतं. दुकानात पांढरंच मागा, मक्याच्या पिवळ्या पिठाची नुसती लापशी होते.

सांडगा: म्हणजे पुन्हा अन्नच. आणि उरलेलं मोरीत ओतू नका. पीठ तळाशी बसून पाइप तुंबतो. ताटात वाळू द्या, खरवडा आणि केरात टाका.

जुनं_कोठार: केरात? आत्ता नासाडीवर कोण बोलत होतं?