होडीवरच्या ट्रान्सपॉन्डरचा माग नेमका कोणासाठी?

दर्यावर्दी:
ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला सुरू झालेल्या योजनेत देशभरातल्या 1 लाख होड्यांवर इस्रोचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे होडी कुठे आहे ते उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळवणारी यंत्रं, मोफत बसवायचे आहेत. आमच्या बंदरातले बरेच तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, अजून नको म्हणतात. माझं स्पष्ट मत, प्रत्येक होडीवर हवाच. 2017 च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगडच्या आश्रयाला आल्या. तिकडे घरच्यांना आपला माणूस आहे की गेला, तेच कळेना. मोबाइलची रेंज किनारा सुटला की संपते. हे यंत्र उपग्रहामार्फत निरोप नेतं आणि आणतं, दोन्ही.

नाखवा:
वादळाचं पटतं. पण दादा, किती वाव खोल पाण्यात मासळी लागते हे आम्ही सख्ख्या भावालाही सांगत नाही, आणि इथे रोजचा माग सरकारी संगणकात जाणार. उद्या तो कोण बघेल? दोन सिलिंडरची लहान होडी जरा इकडेतिकडे झाली की दंड, आणि एलईडी दिव्यांनी मासळी ओढून मोठ्या जाळ्याने घेरणारी पर्ससीन बोट यंत्र बंद करून मोकळी. एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 पासून आहे. दिवे आजही रात्री दिसतात.

दर्यावर्दी:
यंत्र बंद केलं तरी दिवा लपत नाही. रात्रीचा उजेड उपग्रह टिपतो, आणि रडारवाला उपग्रह ढगांआडूनही बोट हेरतो. जानेवारी 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात रडारवाल्या उपग्रहांचा असा अभ्यास आला. जगातल्या औद्योगिक मासेमारी बोटींपैकी सुमारे 75 टक्के सगळ्यांना खुल्या असलेल्या मागावर दिसतच नव्हत्या! तुमच्या होड्यांचा माग असेल, तर उजेड आहे पण माग नाही अशी बोट लगेच उघडी पडेल. तुमच्याच बाजूचा पुरावा आहे हा.

ब्रिजवरून:
मी मालवाहू जहाजावर आहे. उसळत्या समुद्रात लाकडी होडी रडारवर लाटांत हरवते, रात्री फार भीती वाटते. उपग्रहाचं यंत्र किनाऱ्याशी बोलतं. जवळून जाणाऱ्या जहाजाला होडी दिसायला एआयएस लागतो, म्हणजे व्हीएचएफ रेडिओवरून आपली ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र. आपल्याकडे ते 20 मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींनाच सक्तीचं आहे. लहानांनाही द्या. पण नुसत्या सिग्नलवर विसंबू नका. खलाशांनी सोडून दिलेला 'पवित' टँकर 2011 च्या जुलैअखेर वाहत थेट जुहूच्या वाळूत रुतला. वीज गेलेलं जहाज स्वतःचा पत्ता सांगत नाही.

नाखवा:
जहाजाला दिसणारं यंत्र आजच बसवतो, आमच्या भागात जहाजं जाळी तोडून जातात. उपग्रहाच्या मागाबद्दल मात्र लेखी हवं. शोध आणि सुटका सोडून तो कोणाला दाखवणार, किती दिवस ठेवणार, सगळं. आमच्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत मांडतो. तोवर माझ्या होडीवर नको.