लाल चौकोनातली शेतकरीण कुठे आहे?

तिरकी_रेघ:
रशियन चित्रकार मालेविचचं १९१५चं एक चित्र आहे. पांढऱ्यावर लाल चौकोन, बस्स. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये असतं, जेमतेम ५३ बाय ५३ सेंमी. अमूर्ताशी माझं वैर नाही, अडतं ते नावाशी. नाव साधारण असं: 'शेतकरणीचं दोन मितींमधलं चित्रात्मक वास्तव'. नुसतं 'लाल चौकोन' म्हटलं असतं तर मुकाट्याने बघून पुढे गेले असते. शेतकरीण म्हटल्यावर तिला शोधायला लागते. लाल म्हणजे तिचा झगा? डोक्याचा रुमाल? कुणी म्हणतं क्रांती. की आपली सरळ फिरकी घेतली आहे?

रिकामटेकडा:
फिरकीच. उद्या मी निळा गोल काढून त्याला 'जावयाची फजिती' म्हणेन. तुम्ही जावई शोधत बसा.

शाईचा_डाग:
फिरकी नाही. आणि शोधूही नका, तसं त्यानेच बजावलंय. डिसेंबर १९१५मध्ये पेत्रोग्राडला (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) '०,१०' नावाचं प्रदर्शन भरलं, त्यात हे लागलं होतं. मालेविचची तिथे ३९ चित्रं होती. काळा चौकोन वर कोपऱ्यात टांगलेला, रशियन घरात आयकॉन, म्हणजे संतांची पूजेची चित्रं, लावतात त्या जागी, त्यामुळे सगळी चर्चा त्यानेच खाल्ली. कॅटलॉगमध्ये मालेविचचा खुलासा होता. आशय असा: नावं दिली म्हणून चित्रात ते आकार हुडकू नका, खरे आकार या निराकार रंगराशींना निमित्त होते इतकंच.

पण निमित्त शेतकरीणच का? मला खरा रस या प्रश्नात आहे. मालेविचचं लहानपण युक्रेनमधल्या गावांत गेलं, वडील साखर कारखान्यांत कामाला. आठवणींमध्ये तो शेतकऱ्यांच्या भडक कपड्यांबद्दल, भरतकामाबद्दल, रंगवलेल्या घरांबद्दल भरभरून लिहितो. कारखान्यातली माणसं त्याला त्यांच्यापुढे फिकी वाटायची. मग १९१२च्या सुमाराची चित्रं बघा. राय नावाचं धान्य कापणारे, बादल्या वाहणाऱ्या बायका, सगळे पत्रा वळवून केल्यासारखे. 'शेतकरी मुलीचं डोकं' या चित्रात तर चेहरा असा उरतच नाही, नुसते वाकवलेले पत्रे. या रांगेच्या शेवटी लाल चौकोन ठेवा. चेहरा आधीच गेला होता, आता अंगही गेलं आणि रंगाचा जोर तेवढा राहिला. मी हे चित्र असं वाचतो.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. '०,१०'च्या महिनाभर आधी, नोव्हेंबर १९१५मध्ये, मॉस्कोत सजावटीच्या कलेचं एक प्रदर्शन झालं. युक्रेनमधल्या वेर्बोव्का गावच्या शेतकरणींनी केलेलं भरतकाम तिथे मांडलं होतं, आणि त्यात मालेविचच्या नमुन्यांवरचे स्कार्फ आणि उशी होती. म्हणजे सुप्रीमॅटिझम, नुसत्या आकार-रंगांची ही मालेविचची शैली, लोकांसमोर आला तो तैलरंगाच्या आधी सुईदोऱ्यातून, आणि सुई शेतकरणींच्या हातात होती. आता ते नाव पुन्हा वाचा.

क्रांतीचं म्हणाल तर लाल बावटा १९१५मध्येही होता, पण हे चित्र १९१७च्या रशियन क्रांतीच्या आधीचं. लाल चौकोनाला क्रांतीची खूण मालेविचने स्वतःच ठरवलं, ते १९२०मध्ये, वितेब्स्कला शिकवत होता तेव्हा. तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे.

तिरकी_रेघ:
वेर्बोव्काचं माहीत नव्हतं. पण 'दोन मिती' कशाला? चित्र सपाट असतं हे सांगायला नाव खर्ची घालायचं?

शाईचा_डाग:
त्याच काळात त्याने एका फुटबॉल खेळाडूचं चित्र केलंय, आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. नावात 'चौथ्या मितीतल्या रंगराशी'. लांबी, रुंदी, खोलीच्या पलीकडच्या या चौथ्या मितीचं वेड तेव्हा बऱ्याच चित्रकारांना होतं. खेळाडूला चार मिती आणि शेतकरणीला दोन! कमीपणा म्हणून दिल्या नसाव्यात, असा माझा अंदाज. आयकॉनमध्येही खोली नसते, आणि शेतकऱ्यांची कला आपल्याला आयकॉनमधून उमगली असं तो म्हणायचा.

आणि चौकोन नीट बघा. तो काटकोनी नाहीच. वरचा उजवा कोपरा बाहेर ओढल्यासारखा आहे. तेवढ्याने तो पांढऱ्यावर स्वस्थ बसत नाही, निघाल्यासारखा दिसतो. झगा-रुमाल शोधण्यापेक्षा त्या कोपऱ्यावर वेळ घालवा.

रिकामटेकडा:
स्क्रीनला पट्टी लावून बघितली. तिरका आहे, मान्य. बाई अजून दिसली नाही.

शाईचा_डाग:
पट्टीने दिसायची नाही. बाईच हवी असेल तर १९३०च्या आसपासची त्याची चित्रं काढा. शेतकरी परत आले आहेत, हात, पाय, दाढ्या, कपडे सगळं आहे, आणि कित्येकांचे चेहरे कोरे. गावांवर सामुदायिक शेतीची सक्ती चालली होती तेव्हाची आहेत ती. तिथे राजकारण शोधलंत तर मी हरकत घेणार नाही.