प्रकल्प मार्चअखेर संपतोय, पुढचा निधी जूनमध्ये. मधले दोन महिने कर्मचाऱ्यांचे काय?

मेळघाटवाट: संस्थेत ३४ पगारी कर्मचारी. बालपोषणाचा प्रकल्प ३१ मार्चला संपतो, पुढचा टप्पा १ जूनपासून. मधल्या पगाराची तरतूद कुठेच नाही. प्रकल्पावर ११ जण आहेत, त्यातल्या चौघांची ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) लागणारी पाच वर्षे भरत आली आहेत. विश्वस्त म्हणतात, सगळ्यांना कार्यमुक्त करा आणि जूनमध्ये नवी नेमणूकपत्रे द्या. शिवाय १६ गावसाथी महिना ४,००० रुपये मानधनावर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे काय करायचे?

पगारपत्रक: आधी जुनी नेमणूकपत्रे काढा. मुदत तारखेने लिहिली आहे, की नुसते 'प्रकल्प चालू असेपर्यंत'? तारखेची मुदत असेल तर विश्वस्तांचा हिशेबच चुकतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि मुदतीच्या नेमणुकीत एक वर्ष भरले की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी द्यावी लागते. मूळ वेतन १८,००० असेल तर दर वर्षामागे १५/२६ प्रमाणे (२६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचे वेतन) १०,३८५ रुपये. वर, कार्यमुक्त केले की वेतन संहितेनुसार सगळे थकलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करायचे. आणि तीच माणसे त्याच कामावर जूनमध्ये परत आली, तर हा खंड मुद्दाम पाडला हे सिद्ध करायला समोरच्याला फार कष्ट पडणार नाहीत.

माझ्या मते नोकरी चालू ठेवा. शिल्लक अर्जित रजा आधी वापरू द्या, उरलेल्या दिवसांसाठी लेखी संमतीने बिनपगारी रजा. पत्र मराठीत, सुरू आणि संपण्याची तारीख घातलेले, दोन्हीकडच्या सह्यांसह. मंजूर रजेमुळे ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा तुटत नाही. पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरू नका. पूर्ण महिना बिनपगारी असेल तर ईसीआरमध्ये (पीएफचे मासिक विवरणपत्र) वेतन शून्य आणि एनसीपी दिवस, म्हणजे पीएफ न भरलेले बिनपगारी दिवस, एप्रिलला ३०, मेला ३१. हा रकाना कोरा राहिला की पुढे पेन्शनच्या सेवेचा हिशेब अडतो.

हिशेबनीस: विश्वस्तांना सांगा, मधला पगार द्यायचाच झाला तर तो संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून. एफसीआरए खात्यातून (परदेशी देणग्यांचे वेगळे बँक खाते) 'तात्पुरता' देऊन जूनमध्ये स्थानिक पैशातून परत भरायचा विचारही नको, त्या खात्यात परदेशी देणगीखेरीज दुसरा पैसा भरता येत नाही. पुढच्या अंदाजपत्रकात ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दरमहा धरा आणि ती रक्कम प्रकल्प चालू असतानाच ग्रॅच्युइटी फंडात भरा. मुदत संपल्यावर केलेला खर्च देणगीदार सहसा मान्य करत नाहीत.

रानवाटा: गावसाथींना 'मानधन' म्हटल्याने पीएफ टळत नाही. रोजची हजेरी, ठरलेली वेळ, पर्यवेक्षिकेचे आदेश, दरमहा ठरावीक रक्कम असेल तर निरीक्षक त्यांना कामगारच धरतो. खरोखर स्वयंसेवक असतील तर हजेरीपट बंद करा, प्रवासखर्च पावतीवर द्या, बैठकीचा भत्ता उपस्थितीपुरता. दोन्ही एकत्र नको.

मेळघाटवाट: धन्यवाद. दोघी पर्यवेक्षिकांना एप्रिलपासून शाळेच्या प्रकल्पावर निम्म्या वेळेने घेता येईल. पगारपत्रके दोन करायची का?

पगारपत्रक: अजिबात नको. पगाराची पावती एकच, विभागणी फक्त खातेवहीत. पगार दोन पत्रकांत फोडला की व्यवसाय कर दोनदा कापला जातो, नाहीतर दोन्हीकडे रक्कम मर्यादेखाली दिसते म्हणून कापलाच जात नाही. महाराष्ट्रात महिलांना २५,०००पर्यंत तो माफ आहे आणि ही मर्यादा एकूण पगारावर मोजतात. पीएफच्या १५,०००च्या मर्यादेचाही तसाच घोळ होतो.

हिशेबनीस: आणि वेळपत्रक रोजच्या रोज भरून घ्या. महिनाअखेर बसून सगळ्या दिवसांना ५०-५० लिहिलेले लेखापरीक्षक लगेच ओळखतो. एसटीचे तिकीट एका प्रकल्पाच्या गावचे आणि वेळपत्रकात त्या दिवशी दुसराच प्रकल्प, एवढे मिळाले तरी त्या दिवसाचा पगार नामंजूर होऊ शकतो.