मदत हवी आहे: डेस्कटॉप नसलेल्या डेबियनवर उजव्या ऑल्टला कायमचा स्लॅश कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथल्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे, डेस्कटॉप टाकलेलाच नाही. चालू केला की काळी स्क्रीन, लॉगिन आणि सरळ नॅनो, म्हणजे साधा टेक्स्ट एडिटर. वडील त्यात जॉबवर्कची चलनं टाइप करतात आणि डॉट मॅट्रिक्सवर कार्बन घालून तीन प्रती काढतात. त्यांचा हात त्यावर बसलाय, त्यामुळं ही व्यवस्था मला मोडायची नाही.

बीडाची (ओतीव लोखंडाची) धूळ जाऊन जाऊन स्लॅशचं बटण मेलं. आमचा चलन नंबर १२७/२५-२६ असा असतो, तारखेत आणखी दोन रेघा. म्हणजे एका चलनाला तीन स्लॅश. गेला आठवडाभर वडील तेवढी जागा मोकळी सोडून छापत होते आणि रेघा पेनानं मारत होते. मी रविवारी गेलो तेव्हा हे कळलं. मला ते बघवलं नाही.

यूएसबी कीबोर्ड लावून बघितला. टेबलावर चलनबुक, व्हर्नियर, जॉबचे ट्रे, ठेवायला जागाच नाही. या मॉडेलचा आतला कीबोर्ड दोन दुकानांत विचारला, मिळाला नाही.

आतापर्यंत केलेलं सांगतो (कमांड इथं देवनागरीत लिहितोय). 'शोकी' (दाबलेल्या बटणाचा आकडा दाखवणारी कमांड) चालवून बटणं दाबली. स्लॅशला काहीच उमटत नाही. कॅप्स लॉकचा आकडा ५८, उजव्या ऑल्टचा १००. आधी कॅप्स लॉकच देणार होतो, पण पार्टीची नावं वडील कॅप्स लावूनच लिहितात. उजवा ऑल्ट आमच्याकडं कुणी वापरत नाही. म्हणून एका फाइलीत 'कीकोड १०० = स्लॅश क्वेश्चन' एवढी एकच ओळ लिहिली आणि सुडो (रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून 'लोडकीज'ला, म्हणजे बटणांचा तक्ता बदलणाऱ्या कमांडला दिली. लगेच चाललं, शिफ्टबरोबर प्रश्नचिन्हसुद्धा आलं.

पण मशीन बंद करून चालू केलं की परत पहिल्यासारखं. बॅशआरसीत (लॉगिनला आपोआप चालणारी फाइल) कमांड घातली तर दर लॉगिनला सुडो पासवर्ड मागतं, ते वडिलांच्या मागं लावायचं नाही. मग कुठंतरी वाचून यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीत (लिनक्सची हार्डवेअरच्या सेटिंगची यादी) प्रयत्न केला. 'शोकी -एस'नं उजव्या ऑल्टला ई० आणि ३८ असे दोन आकडे दाखवले, ते जोडून 'कीबोर्ड_की_ई०३८=स्लॅश' लिहिलं. काहीच फरक नाही.

माझं कुठं चुकतंय? आणि हे लॉगिनच्या आधीच लागू होईल का? वडील ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जातात, ते बंद पडायला नको.

प्रतिसाद १

लोडकीज फक्त चालू कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) तक्ता बदलतं. बूट होताना डेबियन ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधली 'कीबोर्ड' फाइल वाचून तो तक्ता नव्यानं भरतं, म्हणून तुमचा बदल टिकत नाही. बूटमधल्या कन्सोल-सेटअप या टप्प्यानंतर लोडकीज चालवणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस (बूटला आपोआप चालणारं काम) लिहा. ती रूट म्हणूनच चालते, पासवर्डचा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद २

भावा, सर्व्हिसनं काम होईल, पण तू एचडब्ल्यूडीबीच्या अगदी जवळ पोचलायस, तेच पूर्ण कर.

बटण दाबल्यावर दोन टप्पे होतात. कीबोर्डनं पाठवलेला आकडा, म्हणजे स्कॅनकोड, आधी लिनक्सच्या कीकोडमध्ये बदलतो, मग कीकोडवरून अक्षर ठरतं. लोडकीज दुसऱ्या टप्प्यावर काम करतं, एचडब्ल्यूडीबी पहिल्यावर. पहिल्याच टप्प्यात उजवा ऑल्ट स्लॅश झाला की पुढच्या सगळ्यांना तो खराखुरा स्लॅशच वाटतो. शिफ्टचं प्रश्नचिन्ह आपोआप येतं, आणि लॉगिनची ओळ दिसायच्या आत सगळं लागू झालेलं असतं. पुढंमागं डेस्कटॉप टाकलास तरी तेच चालेल.

चूक आकड्यात आहे. लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डसाठी कर्नल ई० वेगळा धरत नाही, पुढच्या आकड्यात ८० मिळवतो, हेक्समध्ये (सोळा अंकांची पद्धत, ९ नंतर ए, बी असं मोजतात). ३८ अधिक ८० म्हणजे बी८. 'ईव्हीटेस्ट' (कीबोर्डकडून येणारे आकडे दाखवणारी कमांड) चालवून उजवा ऑल्ट दाब, एमएससी_स्कॅनपुढं बी८ दिसेल. मग एचडब्ल्यूडीबी.डी फोल्डरमधल्या फाइलीत पहिली ओळ 'ईव्हीडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:*', तिच्याखाली 'कीबोर्ड_की_बी८=स्लॅश'. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस हवीच, नाहीतर ती ओळ धरलीच जात नाही. त्यानंतर 'सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट' आणि 'यूडेव्हएडीएम ट्रिगर'.

हे टाइप करताना स्लॅश लागणारच, तेवढ्यापुरती तुझी लोडकीजची फाइल वापर. पण नवीन ओळ लागू झाली की ते बटण १०० ऐवजी ५३ हा कीकोड देईल, त्यामुळं जुनी फाइल परत चालवायची गरज नाही. डावा ऑल्ट ५६, त्याला आपण हात लावत नाही. ऑल्ट-एफ२ डाव्या ऑल्टनं चालू राहील.

धागालेखक

झालं! ईव्हीटेस्टमध्ये बी८च आला. माझ्या फाइलीत स्पेसही नव्हती, म्हणजे आकडा बरोबर असता तरी अडलोच असतो. दोनदा रीस्टार्ट करून बघितलं, टिकतंय. ऑल्ट-एफ२ वडिलांनी स्वतः दाबून बघितलं, चालतंय. त्या बटणावर पांढऱ्या ऑइल पेंटनं तिरकी रेघ काढून दिलीय. दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी १३४/२५-२६ नंबरचं चलन पेन न लावता छापून गेलं.