'टॅक्स प्रोटेस्टर'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि 'फ्रिव्होलस'ला?)

शब्दवेडी:
नमस्कार मंडळी, एक भाषांतर घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. लेख अमेरिकन कायद्यावरचा आहे, तिथे इन्कम टॅक्स आम्हाला लागूच होत नाही असं कोर्टात जाऊन सांगणारे लोक असतात त्यांच्याबद्दल. इंग्रजीत टॅक्स प्रोटेस्टर. मी आधी 'करविरोधक' लिहिलं पण ते वाचून डोळ्यासमोर घरपट्टी वाढली म्हणून पालिकेसमोर घोषणा देणारे लोक येतात. 'करबुडवे' लिहावं तर ते गुपचूप पैसे लपवणारे, आणि हे तर उलट कोर्टाला चाळीस चाळीस पानी पत्रं लिहितात की बघा मी कर भरत नाहीये आणि का भरत नाहीये ते. सुचवा काहीतरी.

तात्या_सांगली:
करबंदीवाले. बार्डोलीची साराबंदी १९२८ ची, आपल्या भाषेत शब्द तयार आहे की.

शब्दवेडी:
तात्या, तोच तर घोळ आहे. बार्डोलीचे शेतकरी म्हणत होते की सारा अन्यायाने वाढवलाय, आम्ही भरणार नाही, जप्ती आणा. कायदा मोडतोय हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची किंमत मोजायची तयारी होती. अमेरिकेतही तसे लोक होते आणि आहेत, युद्धाला पैसा द्यायचा नाही म्हणून कर न भरणारे, लेखक थोरो त्यासाठीच १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात राहिला. त्यांना तिकडे रेझिस्टर म्हणतात. माझ्या लेखातली मंडळी कायदा मोडतच नाही म्हणतात, कायदा आमच्याच बाजूला आहे, सरकारला आणि जजला वाचता येत नाही एवढंच! त्यांना करबंदीवाले म्हटलं तर बार्डोलीचा अपमान होईल.

एडिसनकर:
इकडे न्यू जर्सीत बरीच वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरतोय म्हणून लिहितो. ताई, तुम्ही ज्या शब्दावर अडकलात त्यावर इथलं सरकारसुद्धा अडकलंय. आयआरएस, म्हणजे इथलं इन्कम टॅक्स खातं, आधी अशा लोकांच्या फाइलवर 'इल्लीगल टॅक्स प्रोटेस्टर' असा शिक्का मारायची, मग १९९८ मध्ये काँग्रेसने (इथल्या संसदेने) कायदाच केला की हा शिक्का वापरायचा नाही, कारण माणूस सुधारून नीट कर भरायला लागला तरी शिक्का काही पुसला जात नव्हता. २००८ ला न्याय खात्याने मोहीम काढली तेव्हा शब्द घेतला 'टॅक्स डिफायर'. कोर्टं आणि प्रोफेसर लोक मात्र अजून प्रोटेस्टरच लिहितात.

आणि एक किस्सा. खूप वर्षांपूर्वी एक जण आला, हॉटेलातल्या वीकएंड सेमिनारला पैसे भरून गेलेला, तिथे शिकवल्याप्रमाणे रिटर्नच्या प्रत्येक रकान्यात शून्य टाकलेलं, पगार शून्य, व्याज शून्य, आणि खाली सही. सोबत मालकाने दिलेला पगाराचा कागद, त्यावर भला मोठा आकडा. मी म्हटलं अरे हे काय, तर म्हणतो पगार म्हणजे इन्कम नाही, मी श्रम दिले त्यांनी पैसे दिले, बरोबरीची अदलाबदल, मग नफा कुठे झाला? इतका शांतपणे सांगत होता की मीच दोन मिनिटं गप्प. मग त्याने खिशातून आयआरएसचं पत्र काढलं, हे रिटर्न फ्रिव्होलस आहे, ३० दिवसांत नीट भरा नाहीतर ५,००० डॉलर दंड. हा दंड आधी ५०० होता, २००६ च्या कायद्याने दहापट केला. पत्र दाखवताना शांतपणा जरा कमी झाला होता.

कोर्टकचेरी:
फ्रिव्होलसला क्षुल्लक लिहू नका प्लीज. कोशात क्षुल्लक, पोरकट, थिल्लर असलं काहीबाही दिसतं, पण क्षुल्लक म्हणजे लहानसं. फ्रिव्होलस युक्तिवाद लहान असतोच असं नाही, दोनशे पानांचाही असतो. अर्थ असा की कायद्याच्या दृष्टीने त्यात वाद घालण्याजोगं काहीच नाही. आपल्याकडे वकील चक्क 'बिनबुडाचा' म्हणतात आणि तोच बरोबर आहे. आपल्या दिवाणी संहितेत कलम ३५अ मध्ये खोट्या किंवा त्रास द्यायला केलेल्या दाव्याबद्दल भरपाई आहे, सर्वसाधारण दाव्यात मर्यादा ३,००० रुपये 😀 अमेरिकेच्या टॅक्स कोर्टाला २५,००० डॉलरपर्यंत दंड करता येतो.

मधलीसुट्टी:
पण पगार म्हणजे इन्कम नाही यात चूक काय आहे? मला तर पटलं बुवा

एडिसनकर:
पटतं, म्हणूनच सेमिनार चालतात. पण असं बघा, त्या न्यायाने डॉक्टरची फीसुद्धा अदलाबदल आणि वकिलाचीही, मग जगात इन्कम कुणालाच नाही. ग्लेनशॉ ग्लास म्हणून १९५५ ची सुप्रीम कोर्टाची केस आहे, त्यात सांगितलंय की संपत्तीत झालेली उघड भर, प्रत्यक्ष हातात आलेली आणि जिच्यावर तुमचा पूर्ण ताबा आहे ती इन्कम. महिन्याच्या एक तारखेला बँकेत जे पडतं ते यात चपखल बसतं.

शब्दवेडी:
मला या लेखात सगळ्यात मजा याची वाटतेय की यांचे निम्मे युक्तिवाद म्हणजे आपल्या या चर्चेसारखी शब्दचर्चाच आहे! एकेक शब्द धरून बसतात. 'व्हॉलंटरी' घ्या. १९६० च्या फ्लोरा खटल्यात सुप्रीम कोर्टाचं वाक्य आहे की आमची करव्यवस्था जप्तीवर नाही, व्हॉलंटरी आकारणी आणि भरणा यावर आधारलेली आहे. झालं, मग भरणं ऐच्छिक! मला भाषांतर करताना लक्षात आलं की मराठीत हा घोटाळा होणारच नाही, कारण आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. ऐच्छिक म्हणजे शाळेत संस्कृत घ्या नाहीतर हिंदी घ्या तसं. आणि आपणहून म्हणजे कुणी दारात यायची वाट न बघता. कोर्टाला म्हणायचं होतं आपणहून, तुमचा हिशोब आधी तुम्ही करा आणि भरा. मुंबईच्या लोकलमध्ये कंडक्टर नसतो, तिकीट आपणहून काढायचं असतं, म्हणून तिकीट ऐच्छिक आहे असं टीसीला सांगून बघा.

कोर्टकचेरी:
वा, हे लेखात तळटीप म्हणून टाकाच. आणि फ्लोराची गंमत म्हणजे तो निकाल मुळात असा आहे की रिफंडसाठी दावा लावायचा तर आधी पूर्ण कर भरा. म्हणजे 'आधी पूर्ण भर' सांगणाऱ्या निकालातलं एक वाक्य उचलून 'भरायचा नाही' सिद्ध करायचं. कमाल आहे.

तात्या_सांगली:
याला आपल्याकडे शब्द आहे आणि तो दोन हजार वर्षं जुना असेल. छल. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाक्छल म्हणून प्रकार सांगितलाय, त्याचं उदाहरण नवकंबल. एक जण म्हणतो या मुलाकडे नव कंबल आहे, म्हणजे नवीन. समोरचा म्हणतो नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय. बोलणाऱ्याचा अर्थ कळलेला असतो तरी शब्दाला दुसरा अर्थ आहे म्हणून तो पकडायचा. मराठीत शब्दच्छल आपण रोज म्हणतो. तुमचे हे लोक शब्दच्छली.

शब्दवेडी:
तात्या 🙏 हे फारच सुंदर. 'इन्क्लूड्स'वाला युक्तिवाद तर शब्दशः नवकंबल आहे. पगारातून कर कापायच्या कलमात लिहिलंय की एम्प्लॉयी या शब्दात सरकारी अधिकारी आणि कर्मचारी इन्क्लूडेड आहेत. हे म्हणतात याचा अर्थ फक्त सरकारी नोकरच एम्प्लॉयी, खाजगी कंपनीतला मी सुटलो. आणि त्याच कायद्यात पुढे स्पष्ट लिहिलंय की इन्क्लूड्स म्हटलं म्हणून त्या शब्दाच्या अर्थात एरवी जे येतं ते वगळलं असं समजू नये! म्हणजे आईने सांगितलं की पंगतीत शेजारच्या काकूंनापण वाढ, तर घरच्यांना उपाशी ठेवायचं.

मधलीसुट्टी:
😂😂 पण कोणी जिंकलंय का कधी

एडिसनकर:
कर लागू होत नाही असं कोर्टात ठरून जिंकलेलं कोणी नाही. लोक चीकचं नाव घेतात, तो विमानाचा पायलट, १९७९ नंतर रिटर्नच भरेना. १९९१ ला सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली म्हणून सेमिनारवाले नाचतात. पण कोर्ट म्हणालं इतकंच की गुन्हा ठरायला 'विलफुल' लागतं, आणि माणसाचा कायद्याबद्दल खरोखरच गैरसमज असेल, मग तो कितीही बाष्कळ असेना, तर तो विलफुल नाही, आणि खरोखर होता का ते ज्यूरीने ठरवायचं. मात्र कायदा घटनाबाह्य आहे असं मला वाटतं हा गैरसमज धरला जाणार नाही, कारण तसं म्हणायला कायदा आधी नीट वाचलेला लागतो. खटला परत चालला आणि चीकला परत शिक्षा झाली. कर तर द्यायचा होताच. सिनेमातला वेस्ली स्नाइप्सही असाच, कटाच्या आणि फसवणुकीच्या मोठ्या आरोपातून सुटला पण रिटर्न न भरल्याबद्दल २००८ मध्ये तीन वर्षं लागली.

कोर्टकचेरी:
विलफुलला 'हेतुपुरस्सर' नको, 'जाणूनबुजून' करा. हेतू वेगळा. इथे प्रश्न माहीत होतं का हा आहे, आणि जाणून हा शब्द त्यातच आहे.

पाटीपेन्सिल:
ओहायोचं कोणी लिहिलं नाही अजून? अमेरिकेच्या १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने इन्कम टॅक्सचा रस्ता मोकळा झाला, तर यांचं म्हणणं ओहायो १८०३ मध्ये रीतसर राज्य झालंच नव्हतं, काँग्रेसने तो ठराव १९५३ मध्ये मागच्या तारखेने केला, म्हणून दुरुस्ती रद्द. ओहायो वगळलं तरी दुरुस्तीला मंजुरी देणारी राज्यं पुरत होती ते सोडाच. दुसरे म्हणतात राज्यांनी पाठवलेल्या ठरावांत स्वल्पविराम आणि कॅपिटल अक्षरं जुळत नाहीत. शुद्धलेखनाच्या चुकांमुळे कर रद्द होत असता तर आपल्याकडे एकही पालिका चालली नसती.

शब्दवेडी:
ठरलं माझं. लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'टॅक्स प्रोटेस्टर, म्हणजे शब्दच्छलाने कर नाकारणारे' आणि पुढे सगळीकडे 'करनाकारे'. फ्रिव्होलस बिनबुडाचा, विलफुल जाणूनबुजून. आता शेवटचं एक वाक्य राहिलंय, १९८४ च्या क्रेन खटल्यातलं, या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण ते देतो. माझा मसुदा: 'या युक्तिवादांचं गंभीर विवेचन करून, दाखल्यांचा ढीग घालून खंडन करायची आम्हाला गरज दिसत नाही; तसं केलं तर त्यांत सकृद्दर्शनी काही तथ्य असावं असं सुचवल्यासारखं होईल.' मूळ शब्द कलरेबल मेरिट आहे. सकृद्दर्शनी चालेल?

कोर्टकचेरी:
नाही, सकृद्दर्शनी हा आपल्याकडे 'प्रायमा फेसी' या कायद्याच्या संज्ञेसाठी पक्का झालाय, वकील वाचेल तर गोंधळेल. 'वरवर का होईना' करा.

तात्या_सांगली:
आणि तथ्य काढून 'दम' टाका. वरवर का होईना काही दम असावा.

शब्दवेडी:
दम मला आवडलाय पण संपादक कापतील. टाकून तर बघते.