रानातला मुक्काम आणि ती रात्र : तुमचे अनुभव सांगा

डिसेंबर १९९८. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या गुहेत आम्ही चौघेच मुक्कामाला होतो. रात्री एकच्या सुमाराला तारामती शिखराच्या अंगाने कुत्रं भुंकायला लागलं. एक भुंक, मग चार-पाच सेकंद काहीच नाही, पुन्हा एक भुंक. असं जवळजवळ तासभर. गडावर त्या दिवशी कुत्रं नव्हतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आवाज कधी समोरून यायचा, कधी डोक्यावरच्या कातळातून. चौघेही जागे होतो, पण सकाळपर्यंत कुणी ते कबूल केलं नाही.

उतरताना पाचनईत एका बाबांना विचारलं. ते म्हणाले, "भेकर व्हतं ते. बिबट्या दिसला का वरडतं, आन् तो दिसत ऱ्हाईस्तवर थांबत न्हाई." भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण. म्हणजे तासभर बिबट्या तिथेच कुठेतरी होता. आम्ही गुहेच्या तोंडाशी उरलेल्या खिचडीचं पातेलं तसंच उघडं ठेवलं होतं.

असे अनुभव ट्रेकहून आल्यावर चार दिवस सांगितले जातात आणि मग विरतात. ते एका ठिकाणी यावेत म्हणून हा धागा. ऐकीव भूतकथा नकोत, स्वतःचं किंवा घरातल्या माणसाचं हवं. जागा, महिना, सोबत कोण होतं, काय ऐकलं, काय दिसलं आणि तुम्ही पुढे काय केलंत, हे लिहा. नंतर उलगडा झाला असेल तर तोही लिहा. नसेल झाला, तर ओढूनताणून जोडू नका.

नाशिकहून

तुम्ही हरिश्चंद्रगड लिहिलात, माझंही तिथलंच. ऑगस्ट २००४, खिरेश्वरची वाट. तोलारखिंडीतून वर आलं की सात टेकड्या लागतात, हे जाणाऱ्यांना माहीत आहेच. उघडीप असेल तर वाट सोपी. आम्हाला दुपारी चारला धुकं लागलं, तेही असं की पुढच्याची पाठपिशवी दिसेना.

कातळावर कुणाची तरी निळी स्लिपर पडली होती, अंगठा तुटलेली. ती ओलांडून पुढे गेलो. पाऊण तासाने पुन्हा निळी स्लिपर. हसलो, दिशा बदलली, या वेळी मुद्दाम नाकासमोर चालायचं ठरवलं. अर्ध्या तासाने तिसऱ्यांदा तीच स्लिपर समोर आली तेव्हा कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा रडायला लागला. एक जण म्हणाला, डावीकडून पाण्याचा आवाज येतोय, पाण्याच्या मागे उतरू. मी हो म्हणणारच होतो.

पण माझा मावसभाऊ मटकन खाली बसला आणि म्हणाला, आता मी उजाडेपर्यंत उठणार नाही. त्याच्या त्या हट्टामुळे आम्ही सहा जण दोन प्लास्टिकच्या कागदांखाली रात्रभर भिजत बसलो. रात्री दोन वेळा कुणीतरी शीळ घातल्यासारखं वाटलं. धाकट्याने ओ दिली. मावसभावाने त्याचं तोंड दाबलं.

सकाळी धुकं उचललं. ज्या पाण्यामागे उतरणार होतो ते आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर कड्यावरून सरळ खाली पडत होतं.

खिरेश्वरला एक मामा म्हणाले, "चकवा लागला तुम्हाला. चकव्यात चालायचं नस्तं. बसायचं, तंबाखू मळायची, देवाचं नाव घ्यायचं. तो कटाळून निघून जातो." पुढे वाचनात आलं की २००९ मध्ये एका संशोधक गटाने जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगांनी सूर्य झाकला की वळत वळत स्वतःचीच वाट ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. मला तेव्हा ते मामा आठवले. तंबाखू मळायला बसलेला माणूस तेवढा वेळ कड्यापासून लांब राहतो.

संगमनेरहून

वरच्या अनुभवाला जोडूनच. ऑक्टोबरमधली सकाळ, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी आणि एक मित्र. पाठीमागून ऊन, समोर दरीत धुकं. धुक्यात माझी भलीमोठी सावली उभी, आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं. मी हात हलवला, तिने हलवला. मी मित्राला म्हणालो, माझ्या डोक्याभोवती बघ. तो म्हणाला, तुझ्या नाही, माझ्या डोक्याभोवती आहे. आम्ही दोघेही खरं बोलत होतो. इंद्रवज्र ज्याचं त्यालाच दिसतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते याच गडावर पाहिल्याची जुनी नोंद आहे, हे मला घरी आल्यावर समजलं. त्या क्षणी मात्र पाय लटपटत होते आणि आपण जिवंत आहोत ना, असंच मनात आलं होतं.

कुडाळजवळच्या एका वाडीतून

हा अनुभव माझ्या आजोबांचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या घरी शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. भात पोटरीत आलं की डुकरं उतरायची आणि आजोबा बांधावरच्या आंब्यावर बसायचे.

एका चांदण्या रात्री गावच्या शिवेवरून छन्-छन् असा आवाज येऊ लागला. घुंगरं बांधलेली काठी टेकत कुणी चालावं तसा. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, असा शिवेची फेरी मारतो. आवाज आंब्याच्या खालून गेला. थोडा वेळ थांबला. मग व्हाळाकडे उतरला. आजोबा सांगायचे, "तेका मी बघूक नाय, आयकलंय. हातात बंदूक होती, पण बार काडूक हात फुडे येवक नाय." त्यांनी दारू-गोळी तिथेच उतरवली, सकाळी राखणदाराला नारळ दिला आणि पुढे कधी पारधीला गेले नाहीत. डुकरांनी त्या वर्षी अर्धं भात खाल्लं. आजीने त्यांना चकार शब्दाने बोल लावला नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकलो. अभ्यासासाठी आंबोलीच्या रानात फिरताना एका रात्री तोच आवाज ऐकला, छन्-छन्. विजेरी टाकली तर साळिंदर. त्याच्या शेपटीची पिसं पोकळ असतात, ती हलवली की घुंगरासारखी वाजतात. घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साळिंदराक चार पाय असतत रे. मी दोन पाय आयकलंय." मी पुढे वाद घातला नाही. आजही घालणार नाही.

धागा काढणारा

शिकारीचे जुने प्रसंग असे घरातून आलेले असतील तर जरूर लिहा. किती मारले याची मोजदाद मात्र इथे नको, ही मनापासून विनंती.

चंद्रपूरहून

बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर ताडोब्यात बसलो होतो. मी आणि एक वनरक्षक. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणवठ्यावर येणारं जनावर मोजायचं. संध्याकाळी चितळं आली, रानडुकरं आली, दोन गवे येऊन गेले. नऊनंतर काहीच नाही. चंद्र इतका लख्ख की पाण्यावरचं पान दिसावं, आणि पाण्याला एकही जीव येईना. पुढे पुढे रातवा पक्षीही ओरडायचा थांबला.

अकराच्या सुमारास मला भात शिजल्याचा वास आला. चांगल्या बासमतीचा, ताज्या वाफेचा. मे महिन्यातलं जंगल, आसपास वस्ती नाही. मी वनरक्षकाच्या कानाशी लागून म्हणालो, कोण स्वयंपाक करून राहिलं? त्याने माझं मनगट असं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होते. बोलला काहीच नाही. सकाळपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही आणि मीही सोडवून घेतलं नाही.

उजाडल्यावर खाली उतरलो. मचाणाच्या बुंध्याशी पाला दाबला गेलेला, बाजूला पावलं, आणि बुंध्यावर ओला फवारा. "साहेब, थो रातभर आपल्या खालीच होता," तो म्हणाला. बासमतीला जो सुवास येतो, तोच रेणू वाघाच्या फवाऱ्यात सापडतो. त्या वनरक्षकाला रेणू माहीत नसेल, वास माहीत होता. आमच्या घरी आजही कुकरची शिटी झाली की मला एकदा खाली बघावंसं वाटतं.

ठाण्याहून

हे अगदी सगळ्यांनी वाचावं असं वाटतं म्हणून लिहितेय. जानेवारी, भंडारदऱ्याजवळ जलाशयाकाठी तंबू. आम्ही पाच मैत्रिणी. थंडी मरणाची. तंबूवाल्याने कोळशाची शेगडी आत आणून दिली आणि वारा येतो म्हणून चेन लावून घ्या म्हणाला.

झोपेत मला आई हाक मारत होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. हाक तंबूच्या बाहेरून येत होती, आणि डोकं असं ठणकत होतं की उठवेना. तरी मी रांगत गेले, चेन उघडली आणि बाहेर ओकले. गार हवेत दोन मिनिटांनी भान आलं, तेव्हा लक्षात आलं की आतल्या चौघींपैकी एकीनेही मला काही विचारलं नाही. एकेकीला पायाला धरून ओढत बाहेर काढलं. चौघीही वाचल्या. एकीला दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं.

कोळसा बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसतं, माणसाला भास होतात, आणि मग झोपच लागते. कितीही थंडी असो, तंबूत, गाडीत, दार लावलेल्या खोलीत शेगडी घेऊ नका. हाक कुठून आली ते डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मी त्यांचं ऐकलं, आणि त्या वर्षी आईचं श्राद्ध पहिल्यांदा मी स्वतः केलं.

साताऱ्याहून

वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला मेट इंदवलीत पूर्वी लोक मुक्काम करायचे, आता रात्री राहायला परवानगी नाही. आम्ही १९९६ मध्ये राहिलो होतो. उठून गेलेल्या गावाची जोती, त्यांच्यामध्ये आमची चूल. रात्री जमिनीखालून घरघर आली, जणू पाताळातून मालट्रक चाललाय. मग ताटल्या आपोआप वाजल्या. मग पुन्हा सगळं शांत. ओस घरांच्या जोत्यावर हे झालं की मनात काय काय येतं, ते सांगायला नको.

बामणोलीचा होडीवाला सकाळी म्हणाला, "कोयनंचा धक्का. आवाज आदी येतो, हिसका मागनं." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच पट्ट्यात मोठा भूकंप झाला होता. जलाशय भरल्यावर सुरू झालेले लहान धक्के अजून येतात. वेगाने येणारी पहिली लहर हवेत आवाज करते, हलवणारी लहर तिच्या मागून पोचते. होडीवाल्याने सांगितलं ते शब्दशः बरोबर होतं. त्याची आई ६७ च्या पहाटे घराबाहेर पळाली होती, ती त्या आवाजामुळेच.

टोरंटोहून

पहिल्याच उन्हाळ्यात उत्तरेकडच्या एका तळ्याकाठी तंबूत होतो. मध्यरात्री पाण्यावरून वेड लागल्यासारखं हसणं ऐकू आलं, आणि त्याला दुसऱ्या तीरावरून उत्तर. बायको म्हणाली, हडळच असणार. तो लून नावाचा पक्षी. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर तोच आहे. वर्षभर तो आमच्या खिशात होता, आवाज मात्र माहीत नव्हता.

पुण्याहून, वय ६८

आम्ही दोघे भाऊ पिन-पार्वती खिंडीत होतो, ५,३१९ मीटर. हमाल पुढे तळावर गेलेले. खिंडीच्या अलीकडे हिमवर्षाव सुरू झाला आणि समोर, मागे, खाली, सगळं एकच पांढरं झालं. दोरावर आम्ही दोघे, पुढे मी.

तेव्हापासून आमच्यासोबत तिसरा चालत होता. मी त्याला पाहिलं नाही. तो भावाच्या मागे, किंचित उजवीकडे होता. त्याची भीती अजिबात वाटली नाही. उलट तो आहे म्हणून मी वाट बरोबर धरतोय, असं वाटत होतं. मी थांबलो तेव्हा खिशातली गुळपोळी काढून तीन तुकडे केले. एक भावाला दिला, एक खाल्ला, तिसरा हातातच राहिला. भावाने त्या तुकड्याकडे पाहिलं, पण कुणासाठी म्हणून विचारलं नाही.

१९३३ मध्ये एव्हरेस्टवर गिर्यारोहक फ्रँक स्माइथ एकटाच वर चढत असताना त्याने आपल्या खाऊचा अर्धा भाग बाजूच्या कुणाला तरी पुढे केला होता, आणि बाजूला कुणीच नव्हतं. १९१६ मध्ये ध्रुवप्रदेशाचा शोधक शॅकलटन आणि त्याचे दोन सोबती साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ओलांडत होते, तेव्हा तिघांनाही आपण चौघे आहोत असं वाटत राहिलं. विरळ हवा, थकवा, चहूकडे एकसारखं पांढरं, अशी कारणं देतात. हे सगळं मी पुढे कित्येक वर्षांनी वाचलं.

अंधार पडता पडता आम्ही तळावर पोचलो. हमालांनी चहा दिला. तंबूत शिरल्यावर मी चेन लावायला हात पुढे केला, तर झोपायच्या पिशवीतून भाऊ म्हणाला,

"लावू नकोस. तो यायचाय अजून."