मदत हवी आहे: आईचा व्हॉल्व्ह लीक, क्लिप लावावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. आई ७४ वर्षांची, मायट्रल व्हॉल्व्ह (हार्टच्या डाव्या बाजूची झडप) खूप लीक आहे, हार्टचं पंपिंगपण कमी, जिना चढली की धाप लागते आणि रात्री दोन-तीन उशा लावून झोपते बिचारी. डॉक्टर म्हणले छाती उघडून ऑपरेशन झेपणार नाही, जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून व्हॉल्व्हच्या पाकळ्या धरणारी क्लिप लावतात त्याचं पुण्या-मुंबईला विचारा. वाचलं तर २०१८ ला या क्लिपच्या दोन ट्रायल (पेशंटवर केलेल्या चाचण्या) आल्या, अमेरिका-कॅनडाच्या ६१४ पेशंटच्या कोॲप्टमध्ये चांगला फायदा आणि फ्रान्सच्या मित्रा-एफआरमध्ये फरकच नाही, मग आईला कोणतं लागू? गोळ्यांचा डोस आधी नीट बसवून बघायचा का? कुणाच्या घरी केलंय का, खर्च किती आला? प्लीज सांगा, रात्री तिचा श्वास ऐकत जागाच असतो मी.